बत्तिसाव्या पानापुढे

३ मार्च, मंगळवार

भाऊजी,

हे अक्षर माझं आहे. तुम्ही ते कधी पाहिलेलं नाही. आपण एका घरात होतो तेव्हा मला सहीपलीकडे लिहिता येत नव्हतं, आणि लिहिता येऊ लागलं तोवर मी तुमच्याशी बोलणं टाकलं होतं. कुणी थट्टा करतंय असं वाटू नये म्हणून आधी एक खूण सांगते. स्वयंपाकघराची काच तुम्ही डोकं आपटून फोडलीत, तेव्हा तुमच्या दादांनी नवी बसवली आणि तिच्या कोपऱ्यात काच कापायच्या हिरकणीने 'टोणगा' असं कोरून ठेवलं. पाहुणे विचारायचे, हे काय? हे म्हणायचे, कारखान्याचं नाव आहे.

पटली ना ओळख?

तुमची दोन पत्रं आणि एक पुस्तक 'येथे राहत नाही' असा शेरा मारून परत आलं असेल. तो शेरा पोस्टमनने माझ्या सांगण्यावरून मारला. मी तेव्हा दारातच उभी होते, हातात अर्धी चिरलेली दुधी होती. पोस्टमन म्हणाला, "बाई, राहत नाही म्हणता, मग दुधी कुणासाठी?" पण मारला बिचाऱ्याने.

आता कारण सांगते. अकरा वर्षं उशिरा सांगतेय.

मी पुस्तकबांधणीच्या कारखान्यात आहे. छापखान्याकडून मोठे कागद येतात, एकेका कागदावर सोळा पानं. आम्ही बायका त्याच्या घड्या घालतो. त्या सोळा पानांना फर्मा म्हणायचं. मग सगळे फर्मे ओळीने लावायचे, शिवायचे, पाठीला खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा. एका टेबलाला एक फर्मा. माझं वाचन इथेच झालं, म्हणून ते असं तुकड्यातुकड्यांचं आहे. एका कादंबरीचा चौथा फर्मा मी तीनदा वाचला. त्यातला माणूस फार रडतो. का रडतो ते तिसऱ्या फर्म्यात असणार.

तुमचं पहिलं पुस्तक छापून आलं ते आमच्याकडेच. माझ्या टेबलाला दुसरा फर्मा आला, सतरा ते बत्तीस. घडी पूर्ण झाली की बाहेर दोनच पानं दिसतात, पहिलं आणि शेवटचं. बत्तिसाव्या पानावर तळाला होतं:

नदी भरून वाहत होती, पूल पेटला होता,
चंद्र तेवढा साक्षीला.
माझा भाऊ मागे वळला.
कुणी धाडलं त्याला मागे?

खाली कोरा कागद. मला वाटलं, संपली कविता.

भाऊजी, हजार प्रती होत्या. चार दिवस मी ती घडी घालत होते. हजार वेळा ती ओळ माझ्याकडे तोंड करून आली आणि विचारती झाली. तिसरा फर्मा पलीकडच्या टेबलावर होता, दहा पावलांवर. मी उठून पाहिला नाही. कशाला पाहायचा? दीर भर बाजारात विचारतोय, दादाला कुणी धाडलं, आणि बोट कुणाकडे आहे ते मला कळत होतं. पुस्तकं बांधून झाली, त्यांना मी हात लावला नाही. तुम्ही पाठवलेलं पुस्तक न उघडताच परत धाडलं.

गेल्या आठवड्यात छापखान्याकडून तुमच्या सगळ्या कवितांच्या मोठ्या पुस्तकाची कच्ची पानं आली. जाडी बघायला आधी एक नमुना बांधतात, आणि मुकादम ते काम मला देतात, माझा टाका सरळ असतो म्हणून. या वेळी ती कविता अडतीस आणि एकोणचाळीस पानांवर आहे. समोरासमोर. सुई ओवताना नजर डावीकडून उजवीकडे गेली, आणि कविता पुढे चालूच होती.

मीच.
दोन वर्षं दूर बसून मी लिहिलं होतं त्याला,
पेटीतल्या माझ्या वह्या तेवढ्या घे.

मी सुई बोटात टोचून घेतली. नमुन्याच्या त्या पानावर लाल ठिपका आहे, मुकादमांना सांगितलं शाई आहे.

तुमचा पत्ता छापखान्याच्या पाकिटावरून घेतला. उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नका. शेरा काय मारायचा ते तुम्हाला माहीत आहेच.

२१ मार्च, शनिवार

भाऊजी,

तुमचं पत्र आलं. पोस्टमन नवा आहे, त्याला काही विचारायचं सुचलं नाही.

नऊ पानं लिहिलीत! मी दोन रात्री नाही, दोन रविवार वाचत होते. तुमचं अक्षर अजून तसंच, मुंग्यांना घाई झाल्यासारखं. तुम्ही छापखान्याला कळवून तिसरा फर्मा थांबवलात आणि लिहिलंत की वहिनी हो म्हणेल तर कविता राहील, नाही म्हणेल तर जाईल, आणि त्यात काय चुकलंय ते तिने सांगावं. एवढा मान मला आजवर कुणी दिलेला नाही, पण त्याचा त्रास आमच्याच कारखान्याला होणार आहे हे तुमच्या लक्षात आलं नसेल. पहिला, दुसरा, चौथा, पाचवा असे फर्मे येऊन पडलेत. मध्ये खिंडार. मुकादम रोज विचारतात, "त्या कवीसाहेबांचं घोडं कुठे अडलंय?" मी खाली मान घालून घड्या घालते. घोडं त्यांच्यासमोर बसलंय हे त्यांना ठाऊक नाही.

चुका विचारल्यात, तर सांगते.

चंद्र नव्हता. भर दुपार होती, बारा वाजून गेले होते. इतकं ऊन होतं की आईंच्या डोक्यावर मी टॉवेल ओला करून ठेवला होता. नदी भरलेली नव्हती, पोरं काठाशी गुडघाभर पाण्यात खेळत होती. पूल पेटला नव्हता. त्याच आठवड्यात त्याला नवा रंग दिला होता, हिरवा, आणि माझ्या पदराला तो लागला. तो पदर मी अजून ठेवलाय, तेव्हा याबाबत वाद नको.

रागावू नका. तुम्ही लांब होतात, तुम्हाला बातम्यांत जे दिसलं त्यातून तुम्ही पूल उभा केलात. मला एवढंच वाटतं की पेटलेल्या पुलावरून माणूस मागे गेला तर लोक म्हणतात, काय धाडस. रंगवलेल्या पुलावरून, उन्हात, पिशवी हलवत गेला तर कुणी काही म्हणत नाही. हे पिशवी हलवत गेले. "अर्ध्या तासात येतो, रांग सोडू नका," म्हणाले.

वाचनालयात एका मासिकात तुमची मुलाखत पाहिली होती. वर लिहिलं होतं, 'विस्थापितांचा आवाज'. मी ते पान आमच्या शिडीला दाखवलं. शिडी म्हणजे माझ्या शेजारी बसते ती, उंच आहे म्हणून. तीही आमच्यासारखीच, दुसऱ्या कुठल्या गावाहून निघालेली. ती म्हणाली, "आवाज यांचा, आणि घसा बसलाय आपला, ते कसं काय?" तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. आता थोडं वाईट वाटतं.

तुम्ही विचारलंत, कशी राहतेस. चांगली राहते. हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. एक खोली आहे, दुसऱ्या मजल्यावर, पूर्वेची खिडकी. तिची काच तडकली तेव्हा मीच बदलली. पुट्टी कशी मळायची ते यांचं बघून माहीत होतं, दुकानदार म्हणाला, बाई, हे तुमचं काम नाही, मी म्हटलं, हे आमच्या घरचंच काम आहे. सकाळी ऊन थेट पलंगावर येतं. आईंचा पलंग तोच होता. त्या गेल्यावर मी वर्षभर खालीच झोपत होते, मग एक दिवस पलंगावर झोपले आणि सकाळी उन्हाने उठवलं, तेव्हा लक्षात आलं की त्या इतक्या लवकर का उठायच्या. मी उगीच त्यांना झोप येत नाही म्हणून डॉक्टरकडे नेत होते.

यांची आठवण रोज येते. पाहुण्यासारखी नाही, घरच्यासारखी. येते, बसते, मी माझं काम करते. गाव सोडलं त्या दिवशी सकाळी स्फोटांनी गावातल्या सगळ्या काचा फुटल्या, यांनी वीस वर्षं एकेक करून बसवलेल्या, तेव्हा हे रस्त्यात उभे राहून म्हणाले, "चला, आता कामाला तोटा नाही." ते आठवून मी आजही हसते. लोकांना वाटतं, बाई एकटीच हसते.

हे मागे का गेले, त्याबद्दल तुम्ही लिहिलंय ते लिहिलंय. त्यात मला काही घालायचं नाही. चंद्र आणि पूल तेवढा बदला आणि छापा.

४ एप्रिल, शनिवार

भाऊजी,

तुमचं उत्तर वाचलं. तुम्ही लिहिता, चंद्र काढला तर पूल काढावा लागतो, पूल काढला तर कवितेत एकच गोष्ट उरते, ती म्हणजे तुमची वही, आणि तेच खरं आहे, चौदा वर्षं तेच तुम्हाला झोपू देत नाही. तुमच्या चार फाटक्या वह्यांपायी दादा गेला असं तुम्ही लिहिलंय. आणि पुढे लिहिलंय, 'वहिनी, तू मला माफ केलंस म्हणून पत्र लिहिलंस ना?'

हे वाचल्यापासून मी तीन दिवस कामावर खळ सांडतेय. खळ उकळून आणणारी बाई, तिला आम्ही खळवालीच म्हणतो, वैतागून म्हणाली, "मावशी, पुस्तकाला लावायचीय, फरशीला नाही."

मी तुम्हाला माफ करायला बसले नव्हते. मी पत्र लिहिलं ते सुटल्यासारखं वाटलं म्हणून. बोट माझ्याकडे नव्हतं, एवढ्या आनंदात मी लिहिलं. आणि ते बोट तुम्ही स्वतःकडे धरून बसला आहात, आणि मी गप्प राहून ते तसंच राहू देणार होते. मागच्या पत्रात मी म्हटलं ना, त्यात मला काही घालायचं नाही. ते साफ खोटं होतं.

तर आता घालते.

आईंच्या डोळ्यांचे थेंब. तपकिरी छोटी बाटली. डॉक्टरांनी बजावलं होतं की एक दिवस चुकला तर जेवढं दिसतंय तेवढंही जाईल. पुलाच्या अलीकडे रांगेत मी बोचकं चाचपलं आणि बाटली लागली नाही. मी म्हटलं, "अहो, थेंब राहिले." हे म्हणाले, "नीट बघ." मी म्हटलं, "बघितलं. फडताळातच राहिले. मला काय डोळे नाहीत?" अगदी असंच म्हणाले मी, असंच, तिरसटून. ऊन होतं, आई कण्हत होत्या, शेजारचं पोर रडत होतं. हे पिशवी घेऊन गेले.

मग पूल बंद केला.

संध्याकाळी पलीकडच्या शाळेत आम्हाला उतरवलं. आईंचे पाय गार पडले होते म्हणून मी बोचक्यातून लोकरी मोजे काढले. एका मोज्यात बाटली होती. फुटू नये म्हणून मीच ठेवली होती, माझ्या हातांनी, सकाळी.

मी आईंच्या डोळ्यांत थेंब घातले. त्या म्हणाल्या, "कुठून आले गं?" मी म्हटलं, "एका बाईंनी दिले." त्यांनी डोळे मिटून घेतले. चौदा दिवसांनी शाळेच्या भिंतीवर गेलेल्यांची यादी लागली. मला तेव्हा अक्षरं लागायची, वाचन लागायचं नाही, म्हणून एकेका नावावर बोट ठेवत गेले आणि यांच्या नावाशी पोचायला मला बराच वेळ लागला. तो वेळ माझ्या आयुष्यातला शेवटचा बरा वेळ होता असं मी पुष्कळ दिवस मानत होते. आता मानत नाही.

आई जाण्याच्या आठवडाभर आधी म्हणाल्या, "त्या बाटलीला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. मोज्यांना येतो तसा." म्हणजे पहिल्या दिवसापासून त्यांना कळलं होतं. दोन वर्षं त्यांनी माझ्या हातून थेंब घालून घेतले आणि मला कळू दिलं नाही. मी रडायला लागले तर म्हणाल्या, "रडू नकोस. तो नुसता थेंबांसाठी गेला नाही. सकाळपासून त्याचं घराकडे लक्ष होतं, काहीतरी निमित्त शोधत होता. मी आई आहे त्याची." मला वाटलं, मरताना माणूस समजूत घालतं तशी घालताहेत.

तुमचं एकोणचाळिसावं पान वाचलं तेव्हा कळलं की समजूत नव्हती. आम्ही गावातून निघालो त्या आठवड्यातच तुमचं पत्र आलं होतं. यांनी वाचून खिशात ठेवलं, "धाकट्याचं आहे, बरा आहे," एवढंच मला सांगितलं.

म्हणून तुमची कविता चुकीची आहे. दोघांनी धाडलं. हे तुम्हाला आता माहीत आहे, आणखी कुणाला नाही.

५ एप्रिल, रविवार

भाऊजी,

कालचं पत्र टाकलं आणि पेटीच्या फटीत हात घालून काढता येतं का ते पाहिलं. येत नाही. रस्त्यावरची माणसं बघायला लागली म्हणून परत आले.

एकच सांगायचं आहे. ते तुम्हाला लिहिलंय, कवितेला नाही.

२६ एप्रिल, रविवार

भाऊजी,

जाड पाकीट उघडलं तेव्हाच मला समजलं. चिठ्ठी छोटी आणि कविता टाइप केलेली.

तुम्ही लिहिता, छापायला नाही, फक्त तुझ्यासाठी लिहिली, न लिहून राहवेना. आणि पुढच्याच वाक्यात लिहिता की तिसऱ्या फर्म्यात ती बरोबर मावते. अहो, माझं डोकं पिकलंय ते काय उन्हाने? मोजल्याशिवाय मावते कसं कळलं?

कविता मी वाचली. आठ-दहा वेळा वाचली. पहिल्या कवितेपेक्षा कितीतरी चांगली आहे. चंद्र नाही, पूर नाही.

भर दुपार होती. पूल धड होता.
एक बाई म्हणाली, थेंब राहिले.
मी म्हणालो होतो, वह्या राहिल्या.
त्याने दोघांचं ऐकलं
आणि एकटाच गेला.

इथवर आले आणि उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. पुढचं नंतर वाचलं.

माझं उत्तर नाही असं आहे. कारण नीट सांगते, म्हणजे तुम्ही माझं मन वळवायला नऊ पानं लिहिणार नाही. ते थेंबांचं सगळं मी चौदा वर्षं सांभाळलंय. ते ओबडधोबड आहे, त्यात मी तिरसटून बोलते, त्यात मोजे आहेत. तुमच्या कवितेत ते सुंदर दिसतं. वाचणारा म्हणेल, वा. मला त्या बाटलीसाठी वा नको आहे. तुम्हा लिहिणाऱ्यांचं हे असंच आहे. कुठे काही जळलं की तुम्ही शेकायला नाही, पण उजेडाला तरी येताच. वाईट म्हणून बोलत नाही. तो तुमचा धंदा आहे, जसा माझा टाके घालायचा आहे. पण टाका घालताना मी कागदाला विचारत नाही, दुखतं का, आणि तुम्ही मला विचारायला हवं होतं.

जुनी कविता छापा, नाहीतर कोरी पानं छापा. मुकादमांना मी काहीतरी सांगेन.

७ मे, गुरुवार

भाऊजी,

या पत्राला तुम्ही उत्तर लिहीत बसू नका, आधी छापखान्याला कळवा, मग वाचा. काय कळवायचं ते शेवटी लिहिलंय, म्हणजे तुम्हाला वाचावंच लागेल.

सोमवारी मुकादमांचा पारा चढला. इतर फर्मे सगळे आले, गठ्ठे वाटेत पडलेत, खळवाली त्यांना अडखळून पडली. मुकादम ओरडले, "हा कवी आहे का सरकार? सोळा पानांसाठी दोन महिने!" आणि कुणास ठाऊक कसं, माझ्या तोंडून निघून गेलं, "कवीचा दोष नाही. मी अडवलंय."

सगळ्यांचे हात थांबले. शिडी म्हणाली, "मावशी, उन्हात कमी फिरत जा."

मग सांगावं लागलं. माझे दीर आहेत म्हटलं. शिडीचं तोंड उघडंच राहिलं. "ते घसावाले?" म्हणाली. हो, म्हटलं, तेच. मुकादम म्हणाले, अडवायला कारण काय? मला तोंडी सांगता येईना. कविता पिशवीत होती. मी रोज बरोबर नेत होते, छापायची नाही म्हणणारी बाई. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले तेव्हा मी ती वाचून दाखवली. मला मोठ्याने वाचायची सवय नाही. बोट ठेवूनच वाचली, त्या यादीवर ठेवलं होतं तसं.

वा कुणी म्हटलं नाही.

शिडीने विचारलं, "बाटली होती कुठे?"

"मोज्यात. आईंचे पाय गार पडले म्हणून मोजे काढले, तेव्हा सापडली."

"अगं बाई," ती म्हणाली, "मी असते तर मोजे त्याच दिवशी जाळले असते." मग म्हणाली, "नाही, म्हातारीचे पाय गार होते ना." आणि डबा बाजूला ठेवला.

खळवाली फार बोलत नाही. आठ वर्षं एका कारखान्यात आहोत, ती कुठून आली हेही मला धड माहीत नव्हतं. ती म्हणाली, "मी भावाला कुलूप बघायला पाठवलं होतं. लावलंय की नाही ते आठवेना. लावलेलं होतं."

"आला का परत?" शिडीने विचारलं.

"आला. एक पाय तिथेच ठेवून आला. मला म्हणतो, ताई, कुलूप पक्कं होतं हं." ती हसायला लागली, आणि मग तिला हसणं थांबवता येईना, तेव्हा आम्ही तिला पाणी दिलं. "घर तर दुसऱ्या दिवशी गेलंच," ती म्हणाली. "दारासकट. हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. त्याला वाटतं भाऊ आपणहून गेला."

मुकादम इथलेच, त्यांचं घर कधी सुटलेलं नाही. ते दारात उभे होते. घंटा झाली तशी त्यांनी हाताने थांबा अशी खूण केली आणि बाहेर गेले. दहा मिनिटं कुणी आलं नाही. आमच्याकडे दहा मिनिटं म्हणजे काय ते तुम्हाला कळायचं नाही.

सुटताना खळवालीने विचारलं, "छापणार ना ही?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "मग मला उतरवून दे. घरी वाचून दाखवते. मला माझं सांगता येत नाही, तुझं सांगून बघते आधी."

मी घरी येऊन उतरवायला बसले. तुमच्या ओळी माझ्या अक्षरात. उतरवताना माणूस सावकाश वाचतं, एकेका शब्दावर थांबावं लागतं, आणि मला दिसलं की त्यात तुम्ही माझ्यासाठी रडलेले नाही आणि मला सोडवूनही घेतलेलं नाही. जे झालं ते ठेवलंय. मी म्हटलं होतं, सुंदर दिसतं. ते मी एकटीने वाचत होते म्हणून. खळवालीच्या तोंडासमोर ते सुंदर नव्हतं, उपयोगाचं होतं. असं काही मी तुम्हाला आधी म्हटलं असतं तर तुम्हाला अपमान वाटला असता का? मी तरी यापेक्षा मोठं कौतुक करू शकत नाही. आमच्या घरात काच सुंदर आहे असं कुणी म्हणत नसे, बसली असं म्हणत.

तर छापा. चांगली बसलीय.

मंगळवारी खळवाली आली ती डोळे सुजवून. "सांगितलंस?" मी विचारलं. "सांगितलं," म्हणाली. "नवरा काय म्हणाला?" "म्हणाला, मला माहीत होतं, तुझ्या भावाने लग्नाआधीच सांगितलं होतं." शिडी म्हणाली, "बघा, या घरांत सगळ्यांना सगळं माहीत असतं आणि आपणच तेवढ्या पोटात धरून बसतो." मग तिने स्वतःचं काहीच सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. तिच्या वेळेला ती सांगेल.

प्रती तीन लागतील, एक मुकादमांनाही हवी आहे. विकत घेणार म्हणतात, घेऊ देत.

या पावसाळ्याआधी येऊन गेलात तर माझी हरकत नाही. खोलीत दोन माणसं मावतात, आईंबरोबर राहिलेच की. पलंग तुम्हाला देईन, पण सहाला ऊन तोंडावर येतं, नंतर कुरकुर चालणार नाही.

आता दुरुस्ती. कवितेत एकच करायची आहे, आणि ती केल्याशिवाय माझा हो धरू नका. दुसऱ्या ओळीत तुम्ही 'एक बाई म्हणाली' असं लिहिलंय. मला झाकायला लिहिलंत, ते समजलं. पण वाचणाऱ्याला वाटेल की रांगेतली कुणीतरी बोलली आणि तुमचे दादा निघाले. कुणाही बाईच्या सांगण्यावरून उन्हातून परत जाणारे नव्हते ते. ते खोडा आणि 'माझी वहिनी म्हणाली' करा. ओळ लांब होईल, मी करून पाहिली. होऊ दे. घरचं माणूस म्हटलं की थोडी जागा लागतेच.